मदत हवी आहे: भावावर बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हा, वकील कसा शोधू?

नमस्कार मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले. लहान भाऊ पिकअपवर ड्रायव्हर आहे. मागच्या आठवड्यात पहाटे केळीचे घड भरून सावद्याकडे निघाला होता. वळणावर ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना समोरून आलेल्या मोटरसायकलला धडक बसली. त्या काकांचा पाय मोडला. भाऊ पळाला नाही, त्यानेच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. त्याच्या शर्टावर केळीच्या चिकाचे आणि रक्ताचे डाग आहेत, आईने तो शर्ट अजून धुतलेला नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार गाडी चालवणं), १२५(ब) (निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत) आणि मोटार वाहन कायद्याचं १८४ (धोकादायक गाडी चालवणं) लावलंय. जामीन झाला. हाड मोडलं की गंभीर दुखापत धरतात, त्यामुळे १२५(ब) मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गावातले म्हणतात, "गुन्हा कबूल कर, दंड भर अन् मोकळा हो." मला ते पटत नाही. लायसन्स गेलं तर घर कशावर चालणार? चूक झाली असेल तर ती तो मान्य करेल, पण आधी वकिलाने कागद वाचायला हवेत.

भुसावळ किंवा जळगावला अपघाताच्या केसेस चालवणारे वकील फी साधारण किती घेतात? १५१०० वर फोन करून विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील कुणाला मिळालाय का? अर्जाला कोणते कागद लागले? आणि काकांना भेटायला गेलो तर केसला बाधा येईल का? मला मनापासून जायचंय.