व्हायरस काढला, पण नेट गेले. प्रॉक्सी रीस्टार्टनंतर आपोआप चालू होते

निमूटवाचक

विंडोज १०, ६४ बिट, आवृत्ती २२एच२. एका फुकट व्हिडिओ कन्व्हर्टरच्या जोडीने काहीतरी मशीनमध्ये शिरले होते. सेफ मोडमध्ये दोन वेगवेगळ्या स्कॅनरने तपासले, १४ गोष्टी क्वारंटाइनमध्ये गेल्या. आता दोन्ही स्कॅनर काही सापडत नाही म्हणतात, पण इंटरनेट नीट चालत नाही.

वायफाय जोडलेले दिसते. आयपी पत्ता १९२.१६८.१.३४, गेटवे (म्हणजे राउटर) १९२.१६८.१.१. गेटवेला पिंग (पोहोचते का ही चाचणी) जाते, ८.८.८.८ ला जाते, साइटच्या नावानेही जाते. तरी क्रोम आणि एज दोन्ही म्हणतात की प्रॉक्सी सर्व्हरशी (नेटकडे नेणाऱ्या मध्यस्थाशी) जोडता येत नाही. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये १२७.०.०.१ आणि पोर्ट ८८७७ दिसतो. ती बंद केली की पाने उघडतात, पण रीस्टार्ट केल्यावर परत चालू. विंडोज अपडेट पूर्ण बंद. फायरवॉल सुरू करायला गेले की एरर १०७५ येते.

विनसॉक (विंडोजचा नेटशी बोलणारा भाग) रीसेट दोनदा करून झाला, काहीही फरक नाही. फॉरमॅट न करता सुटण्यासारखे आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

टर्मिनल_तात्या

माहिती इतकी नेमकी दिलीत हे बरे केलेत, निम्मे काम तिथेच झाले. नावाने पिंग जाते म्हणजे नेटवर्क कार्ड, ड्रायव्हर, टीसीपी/आयपी आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) हे चारही बहुतेक ठीक आहेत. विनसॉक रीसेटने फरक पडला नाही याचेही आश्चर्य नाही, कारण तो प्रॉक्सीच्या सेटिंगला हातच लावत नाही.

झाले काय ते आधी समजून घ्या. या जातीचे ॲडवेअर स्वतःच एक छोटा प्रॉक्सी सर्व्हर बनून १२७.०.०.१ वर, म्हणजे तुमच्याच मशीनवर, बसते आणि ब्राउझरची सगळी वाहतूक स्वतःतून वळवते. स्कॅनरने तो प्रोग्राम उचलला, पण "सगळे ८८७७ कडे पाठवा" ही सूचना रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) तशीच राहिली. पाटाचे पाणी वळवलेले, पुढे शेतच नाही.

(खालच्या सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत. कमांड प्रॉम्प्ट "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करूनच उघडा.)

पहिला प्रश्न: त्या पोर्टवर अजून कोणी बसले आहे का? प्रॉक्सी चालू अवस्थेत असताना "नेटस्टॅट -एबीएनओ" चालवा आणि १२७.०.०.१:८८७७ समोर "लिसनिंग" अशी ओळ शोधा. ओळ नसेल तर उरला आहे तो फक्त कचरा. ओळ असेल तर प्रोग्रामचे नाव आणि पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) तिथेच दिसेल. याचा अर्थ संसर्ग गेलेला नाही आणि नेट दुरुस्त करण्याआधी पुन्हा सफाई करावी लागेल. एक सावधगिरी: काही अँटीव्हायरस आणि फिडलरसारखी डेव्हलपर मंडळींची साधनेही असाच स्थानिक प्रॉक्सी लावतात (फिडलरचा पोर्ट ८८८८). नाव न वाचता उडवू नका.

दुसरा प्रश्न: ती परत चालू कोण करते? रीस्टार्टनंतर परत येते म्हणजे लॉगिनच्या वेळी काहीतरी ती लिहिते आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधले ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारे साधन) घ्या, ॲडमिन म्हणून चालवा, ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा. पिवळ्या ओळी म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही; स्कॅनरने अर्धवट सोडलेले काम बहुधा तिथेच दिसते. "शेड्यूल्ड टास्क्स" हा टॅब सगळ्यात बारकाईने पाहा. रजिस्ट्रीत प्रॉक्सी लिहिणारे टास्क पुष्कळदा पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा रेग.एक्सई वापरते. हे तिन्ही विंडोजचेच प्रोग्राम असल्याने स्कॅनर गप्प बसतात. आणि वर सांगितलेला मायक्रोसॉफ्ट लपवण्याचा पर्याय चालू असेल तर अशी नोंद तुमच्यापासूनही लपू शकते, म्हणून हा एक टॅब पर्याय बंद करूनही बघा.

रीसेटप्रेमी

एवढे खोदकाम कशाला? सेटिंग्ज > नेटवर्क अँड इंटरनेट > स्टेटस > नेटवर्क रीसेट. सगळी कार्डे काढून पुन्हा बसवली जातात, पाच मिनिटांत रीस्टार्ट, काम संपले.

टर्मिनल_तात्या

इथे संपणार नाही. लॉगिनला चालणारे टास्क नेटवर्क रीसेटनंतरही जिवंत राहते आणि पुढच्या लॉगिनला प्रॉक्सी परत लिहिते. शिवाय त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड जातात, व्हीपीएन आणि व्हर्च्युअल स्विच पुन्हा बसवावे लागू शकतात. "नेटएसएच इंट आयपी रीसेट"चेही तसेच: हाताने दिलेला स्थिर आयपी पुसला जातो, म्हणून आधी "आयपीकॉन्फिग /ऑल"चा फोटो काढून ठेवा.

रीसेटला त्याची जागा आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, किंवा पत्ता बरोबर असून बाहेर पिंगच जात नसेल, तर विनसॉक आणि आयपी रीसेट पहिल्यांदा करावेत. विनसॉकच्या साखळीत काही प्रोग्राम एलएसपी नावाची स्वतःची कडी घालतात. स्कॅनरने त्या कडीची डीएलएल फाइल उडवली आणि नोंद राहिली, की साखळी तुटते आणि एकही प्रोग्राम बाहेर बोलू शकत नाही. "नेटएसएच विनसॉक शो कॅटलॉग"मध्ये कोणत्या डीएलएलकडे बोट आहे ते दिसते. धागाकर्त्यांची साखळी तुटलेली नाही, कारण प्रॉक्सी बंद केली की ब्राउझर चालतो.

पोर्ट_उघडा_आहे

तात्यांशी सहमत. प्रॉक्सी किती ठिकाणी लपते त्यात भर घालतो.

एक, वापरकर्त्याची: एचकेईवाय करंट यूजर > सॉफ्टवेअर > मायक्रोसॉफ्ट > विंडोज > करंटव्हर्जन > इंटरनेट सेटिंग्ज. इथे "प्रॉक्सीएनेबल" ० करा, "प्रॉक्सीसर्व्हर" काढून टाका आणि "ऑटोकॉन्फिगयूआरएल" आहे का ते जरूर पाहा. ते शेवटचे म्हणजे सेटअप स्क्रिप्ट. हाताने दिलेली प्रॉक्सी बंद केली तरी स्क्रिप्ट चालूच राहते, आणि लोक नेमके तेच विसरतात.

दुसरी जागा पॉलिसीची. एचकेईवाय लोकल मशीन > सॉफ्टवेअर > पॉलिसीज > मायक्रोसॉफ्ट > विंडोज > करंटव्हर्जन > इंटरनेट सेटिंग्ज मध्ये "प्रॉक्सीसेटिंग्जपरयूजर" ० असेल तर विंडोज वापरकर्त्याची सेटिंग बघतच नाही, संपूर्ण मशीनसाठीची वापरते. घरच्या मशीनवर या नोंदीचे काही काम नाही. ऑफिसच्या मशीनवर मात्र ती तिथल्या ॲडमिननेच लावलेली असू शकते, तेव्हा आधी विचारा.

आणि तुमचे विंडोज अपडेट बंद असण्याला तिसरी जागा कारण असू शकते: विनएचटीटीपी. विंडोजच्या पडद्यामागच्या सेवा ब्राउझरची प्रॉक्सी न बघता हिच्याकडे बघतात. "नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी" चालवा. "डायरेक्ट ॲक्सेस" असे आले नाही तर "नेटएसएच विनएचटीटीपी रीसेट प्रॉक्सी".

क्रोममध्ये "मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन" दिसत असेल तर पत्त्याच्या जागी क्रोम://पॉलिसी टाका. तिथेही प्रॉक्सी किंवा जबरदस्तीचे एक्स्टेंशन बसवलेले असते.

निमूटवाचक

८८७७ वर कोणीच ऐकत नाही. ऑटोरन्समध्ये एक टास्क सापडले, नाव "अपडेटर"सारखे निरुपद्रवी. लॉगिनला पॉवरशेल लपवून चालवत होते आणि प्रॉक्सीच्या तीन ओळी लिहीत होते. काढले. विनएचटीटीपीमध्येही तोच पत्ता होता, तोही रीसेट केला. तीन रीस्टार्ट झाले, प्रॉक्सी परत आली नाही आणि अपडेटही सुरू झाले. दोघांचेही आभार!

दोन गोष्टी उरल्या. फायरवॉलची १०७५ तशीच आहे. आणि बाकी सगळ्या साइट उघडतात, फक्त अँटीव्हायरस कंपन्यांच्या साइट उघडत नाहीत.

सेवा_खंडित

१०७५ वर मी लिहितो. या आकड्याचा अर्थ असा, की फायरवॉल ज्या सेवेवर अवलंबून आहे ती सेवा अस्तित्वातच नाही. बहुतेक वेळा ती बेस फिल्टरिंग इंजिन, म्हणजे बीएफई. सर्व्हिसेस.एमएससी उघडून यादीत ती आहे का पाहा. १०६८ आली असती तर गोष्ट वेगळी होती: तेव्हा सेवा असते, पण सुरू होत नाही. झिरोॲक्सेस नावाच्या रूटकिटने (खोल लपणाऱ्या मालवेअरने) बीएफई आणि फायरवॉलच्या नोंदीच खोडण्याचा प्रकार बराच केला होता, पुढे इतरांनी तो उचलला.

यादीत नसेल तर तुमच्याच आवृत्तीच्या, म्हणजे २२एच२ च्या, स्वच्छ मशीनवर जा. रेजएडिटमध्ये एचकेईवाय लोकल मशीन > सिस्टम > करंटकंट्रोलसेट > सर्व्हिसेस > बीएफई ही की एक्सपोर्ट करा आणि इकडे आणून इम्पोर्ट करा. अनोळखी साइटवरून मिळणाऱ्या तयार .रेग फाइल घेऊ नका. दुसऱ्या आवृत्तीची घेतली तर सेवा सुरू होते आणि मधेच मान टाकते.

रीस्टार्ट करा. आता बीएफई "एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड" म्हणाली तर घाबरू नका. .रेग फाइलमध्ये परवानग्या येत नाहीत, म्हणून हे होते. त्याच कीखाली पॅरामीटर्स > पॉलिसी वर राइट क्लिक > परमिशन्स, "एनटी सर्व्हिस\बीएफई" हे नाव टाइप करून जोडा (शोधून सापडत नाही, टाइपच करावे लागते, "फ्रॉम धिस लोकेशन"मध्ये तुमच्या मशीनचे नाव निवडा). ॲडव्हान्स्डमध्ये क्वेरी व्हॅल्यू, सेट व्हॅल्यू, क्रिएट सबकी, एन्युमरेट सबकीज, नोटिफाय आणि रीड कंट्रोल एवढेच द्या. "एव्हरीवन"ला फुल कंट्रोल देण्याचा सल्ला जालावर जागोजागी मिळतो. त्याने सेवा सुरू होते खरी, पण फायरवॉलचे नियम कोणताही प्रोग्राम बदलू शकेल अशी सोयही होते.

त्यानंतर "नेटएसएच ॲडव्हफायरवॉल रीसेट" करा, कारण मालवेअरने स्वतःसाठी घातलेले परवानगीचे नियम अजून असतील.

फायरवॉलबरोबर आणखी चारपाच सेवा गायब असतील तर एकेक की जोडत बसू नका. विंडोज १० ची आयएसओ फाइल (इन्स्टॉल डिस्कची प्रत) चालू विंडोजमध्येच माउंट करून सेटअप.एक्सई चालवा आणि फाइल्स व ॲप्स ठेवण्याचा पर्याय निवडा. मशीन आयएसओवरून बूट केलेत तर तो पर्याय मिळत नाही. हे फॉरमॅट नव्हे, पण विंडोजच्या सगळ्या सेवा नव्याने बसतात.

पोर्ट_उघडा_आहे

फक्त अँटीव्हायरसच्या साइट अडतात म्हणजे आधी होस्ट्स फाइल (कोणत्या नावाला कोणता पत्ता ते इथे हाताने लिहिता येते). सी:\विंडोज\सिस्टम३२\ड्रायव्हर्स\ईटीसी मध्ये "होस्ट्स" नावाची, एक्स्टेंशन नसलेली फाइल. नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडून मगच ती उघडा, नाहीतर सेव्ह होणार नाही. मूळ फाइलमध्ये # ने सुरू होणाऱ्या ओळींखेरीज काही नसते. वरवर कोरी वाटली तरी स्क्रोलबार बघा; दोनचारशे रिकाम्या ओळी सोडून खाली नोंदी ठेवण्याची युक्ती जुनी आहे. सेव्ह करताना मागे .टीएक्सटी लागले तर विंडोज ती फाइल वाचत नाही. मग "आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस".

फाइल स्वच्छ आहे आणि तरीही अडते? मग विंडोज कोणती होस्ट्स वाचते तेच तपासा. सर्व्हिसेस > टीसीपीआयपी > पॅरामीटर्स मध्ये "डेटाबेसपाथ" ही नोंद असते. ती दुसऱ्याच फोल्डरकडे वळवलेली असेल तर तुम्ही वेगळीच फाइल साफ करत बसला आहात.

तेही ठीक असेल तर "रूट प्रिंट" चालवून तळाशी "पर्सिस्टंट रूट्स" (कायमचे ठरवलेले मार्ग) पाहा. घरच्या मशीनवर तिथे सहसा "नन" असते. आणि पॉवरशेलमध्ये "गेट-डीएनएसक्लायंटएनआरपीटीरूल". ठरावीक नावांसाठी वेगळा डीएनएस लावणारे नियम तिथे असतात, व्हीपीएन नसलेल्या मशीनवर यादी रिकामी यायला हवी.

निमूटवाचक

डेटाबेसपाथच निघाला. प्रोग्रामडेटामधल्या एका फोल्डरकडे वळवला होता, तिथल्या होस्ट्समध्ये साठेक नावे. मूळ मूल्य %सिस्टमरूट%\सिस्टम३२\ड्रायव्हर्स\ईटीसी परत घातले, साइट उघडल्या. बीएफई इम्पोर्ट केल्यावर सांगितल्याप्रमाणे एरर ५ आलीच; परवानगी दिल्यावर फायरवॉल चालू.

टर्मिनल_तात्या

उत्तम. धागा बंद करण्याआधी दोन ठिकाणी नजर टाका.

ज्या मालवेअरने प्रॉक्सी लावली होती त्याने एचटीटीपीएस (कुलूपबंद वाहतूक) वाचण्यासाठी स्वतःचे रूट प्रमाणपत्रही (साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारा दाखला) बसवलेले असण्याची दाट शक्यता आहे. ते राहिले तर नेट छान चालते, म्हणूनच कोणी शोधत नाही. सिसइंटर्नल्सचे सिगचेक घ्या: "सिगचेक -टीव्ही" मशीनच्या साठ्यासाठी, "सिगचेक -टीयूव्ही" तुमच्या खात्यासाठी. मायक्रोसॉफ्टच्या विश्वसनीय यादीत नसलेली प्रमाणपत्रे तेवढी दिसतात. अँटीव्हायरसचे स्वतःचेही एखादे असू शकते, बाकीची सर्टएमजीआर.एमएससीमधून काढा, मशीनच्या साठ्यातली सर्टएलएम.एमएससीमधून.

दुसरे, राउटर. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने संगणकांसोबत राउटरमधला डीएनएसही बदलला होता. त्याच्या जप्त केलेल्या सर्व्हरच्या जागी तात्पुरते बसवलेले सर्व्हर ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले, तेव्हा उरलेल्या संक्रमित मशीनचे डीएनएस बंद पडले. राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन आणि डीएचसीपी या दोन्ही ठिकाणचे डीएनएस पत्ते बघा, ॲडमिनचा पासवर्ड बदला, बाहेरून व्यवस्थापन चालू असेल तर बंद करा.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही बदला, पण प्रमाणपत्र निघेपर्यंत या मशीनवरून नाही.

निमूटवाचक

तुमच्या खात्याच्या साठ्यात एक अनोळखी प्रमाणपत्र होते, मुदत २०३५ पर्यंत. काढले. राउटर स्वच्छ आहे.

रीसेटप्रेमी

"तुमच्या" नाही, "माझ्या" म्हणायचे असेल तुम्हाला. :) बाकी हा धागा वाचनखुणेत टाकला आहे.