सामाईक सर्व्हरवर सगळ्यांची टर्मिनल सेशन्स रेकॉर्ड करावीत का?

सातपूरकर:
अंबड-सातपूरच्या कंपन्या असोत की नाशिकमधली इंजिनिअरिंग कॉलेजं, एकाच लिनक्स सर्व्हरवर अनेक जण एसएसएचने (दुरून लॉगिन करून) काम करतात. माझं स्पष्ट मत: प्रत्येक सेशन, म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत स्क्रीनवर जे दिसतं ते, रेकॉर्ड व्हायलाच हवं. हिस्टरीवर (दिलेल्या कमांडच्या यादीवर) विसंबू नका, ती ज्याची त्याला पुसता येते. स्क्रीनवरचं सगळं फाइलमध्ये उतरवणारी ‘स्क्रिप्ट’ कमांड बहुतेक ठिकाणी आयतीच असते. टायमिंगची फाइल सोबत ठेवली की ‘स्क्रिप्टरिप्ले’ने सगळं त्याच वेगात पुन्हा बघता येतं. बॅशआरसीत (कमांड चालवणारा ‘बॅश’ शेल सुरू होताना वाचतो ती फाइल) ‘स्क्रिप्ट’ सुरू करणारी एक ओळ टाका.

गोदाकाठ:
त्या एका ओळीनेच घोळ होतो. ‘स्क्रिप्ट’ नवा शेल उघडतो, तो पुन्हा बॅशआरसी वाचतो, पुन्हा ‘स्क्रिप्ट’ चालू. व्हेरिएबल तपासून हे चक्र तोडलं नाही तर लॉगिनच होत नाही. ‘स्क्रिप्ट’ सुरू झाल्याची ओळ डेटात घुसते म्हणून एससीपीही (फाइल पाठवायची कमांड) मोडतं. आणि बॅशआरसी कोणाच्या हातात? ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच! उमास्क (नव्या फाइलची परवानगी ठरवणारं सेटिंग) ०२२ असेल तर रेकॉर्डिंगची फाइल ६४४ परवानगीने बनते, म्हणजे फोल्डरपर्यंतची वाट मोकळी असेल तर कोणीही वाचावी.

माझा मूळ विरोध मात्र वेगळा आहे. कोणी ‘कॅट’ कमांडने कॉन्फिग फाइल स्क्रीनवर उघडली की त्यातला डेटाबेसचा पासवर्ड कायमचा लॉगमध्ये बसतो.

सातपूरकर:
बॅशआरसीचा मुद्दा मान्य. मग टीलॉग हा सेशन रेकॉर्ड करणारा प्रोग्राम घ्या. तो लॉगिन शेलच्या जागी बसतो आणि सिस्टिमच्या जर्नलमध्ये (लॉगमध्ये) लिहितो. दाबलेल्या कळा तो मूळ सेटिंगमध्ये नोंदवत नाही, त्यामुळे स्क्रीनवर न उमटणारा पासवर्ड सुटतो.

गोदाकाठ:
उमटणारा कुठे सुटतो? शिवाय मोठ्या बिल्डच्या (प्रोग्राम बांधतानाच्या) ओळींचा लोंढा आला की पंचाईत. टीलॉगची वेगमर्यादा ‘ड्रॉप’वर ठेवली तर रेकॉर्डिंगमधला मजकूर गळतो, ‘डिले’वर ठेवली तर माणसाचं काम रखडतं. आणि कोणी नुसतं ‘बॅश काम.एसएच’ म्हणून कमांडची फाइल चालवली तर आत काय घडलं ते स्क्रीनवर दिसतच नाही. ऑडिटडीमध्ये (लिनक्सची घडामोडी नोंदवणारी सेवा) एक्झेकव्हीईचा, म्हणजे चालवलेला प्रत्येक प्रोग्राम नोंदवायचा, नियम लावा. सुडो कमांडने रूट (सर्वाधिकारी) झालं तरी एयूआयडी, म्हणजे लॉगिन करणाऱ्याचा ओळख क्रमांक, मूळ माणसाचाच राहतो.

त्र्यंबकनाका:
ऑडिटडीलाही विम एडिटरमध्ये कोणती ओळ बदलली ते कळत नाही, आणि कमांडच्या ओळीत दिलेला पासवर्ड तिथेही नोंदला जातो. म्हणून फक्त सुडोचं रेकॉर्डिंग ठेवा: सुडोअर्स या सुडोच्या सेटिंगच्या फाइलीत लॉग_आउटपुट (स्क्रीनवर आलेलं) चालू, लॉग_इनपुट (टाइप केलेलं) बंद. नोंदी मूळ सेटिंगमध्ये /व्हार/लॉग/सुडो-आयओखाली पडतात, ‘सुडोरिप्ले’ने बघता येतात. पण त्याच मशीनवर ठेवल्या तर रूट त्या उडवू शकतो. सुडो १.९ पासून सुडो_लॉगएसआरव्हीडी हा लॉग सर्व्हर आहे, त्याने नोंदी दुसऱ्या मशीनवर पाठवा.

सातपूरकर:
आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश? लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत.

गोदाकाठ:
सिस्टिमचे लॉग. प्रत्येकाच्या स्क्रीनचं चित्रीकरण त्यात कुठे मागितलंय? रूटपुरतं सुडोचं रेकॉर्डिंग मला चालेल, पण लॉगिन करतानाच तशी सूचना दिसली पाहिजे. आणि लॉगच्या मशीनचा रूट वेगळ्या माणसाकडे हवा.