बी.एस्सी. केमिस्ट्रीवरून पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. होतं का? (मदत हवी आहे, सांगली)

नमस्कार मंडळी,

मी तासगावची. बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर जिल्ह्यातल्याच एका डिस्टिलरीत लॅब केमिस्ट म्हणून लागले. काम सगळं ईटीपीचं, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचं. एअरेशन टँकचं पाणी हजार मिलीच्या सिलिंडरमध्ये अर्धा तास ठेवायचं, गाळ किती बसला ते वहीत मांडायचं, मग सीओडीचे (पाण्यातली घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते) फ्लास्क डायक्रोमेट घालून दोन तास रिफ्लक्सला. बीओडीच्या (तीच घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ते) बाटल्या 27 अंशाला तीन दिवस. स्पेंटवॉशचा (अल्कोहोल काढून घेतल्यावर उरलेल्या पाण्याचा) सीओडी लाखाच्या घरात, त्यामुळे डायल्युशन करण्यातच निम्मी शिफ्ट जाते.

आकडे मी काढते. टाकी केवढी हवी, ब्लोअर किती एचपीचा, हे ठरवायला मात्र बाहेरून कन्सल्टंट येतात. मला त्या बाजूला जायचंय. सांगलीच्या वालचंद कॉलेजला पर्यावरण अभियांत्रिकीचं एम.टेक. आहे आणि घरून एसटीनं जाण्यासारखं आहे, म्हणून तेच डोक्यात बसलंय. बी.एस्सी.वर प्रवेश मिळेल का? गेट (एम.टेक.साठीची देशपातळीवरची परीक्षा) द्यावीच लागते का? एक ओळखीचे म्हणतात, नोकरी सोडू नको, घरबसल्या एम.टेक. होतं. त्यात कितपत तथ्य आहे?

माळबंगला: ताई, आधी घरबसल्याचं. त्या नादी लागू नका. दूरस्थ पद्धतीच्या इंजिनिअरिंग पदवीला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता नाही. काही अभिमत विद्यापीठांनी वाटलेल्या अशा पदव्यांना 2017 साली सुप्रीम कोर्टानं दणका दिला आणि नोकरीत असलेली माणसं अडकली.

वालचंदचं म्हणाल तर बी.एस्सी.वर थेट नाही. राज्याच्या कॅप फेरीत (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) एम.टेक.ला संबंधित शाखेची बी.ई. किंवा बी.टेक. लागते, खुल्या गटाला 50 टक्के, राखीवला 45. गेटवाल्यांना आधी जागा, उरलेल्या नॉन-गेटला.

कृष्णाकाठ: एक गैरसमज सगळीकडे दिसतो. गेटला आता बी.एस्सी.वालेही बसू शकतात, 2021 पासून पर्यावरणाचा वेगळा पेपरही आहे, म्हणून पोरं फॉर्म भरतात आणि स्कोअर आला की एम.टेक.च ठरलं समजतात. परीक्षेला बसण्याची पात्रता वेगळी आणि प्रवेशाची वेगळी. स्कोअर तीन वर्षं चालतो, पण नुसत्या बी.एस्सी.ला तो कुठे वापरणार?

काही आयआयटी पर्यावरणाच्या एम.टेक.ला एम.एस्सी.वाल्यांना घेतात. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, कोल्हापूर लांब नाही. एम.एस्सी. दोन वर्षं, दुसऱ्या वर्षी गेट, मग एम.टेक. दोन वर्षं. काही ठिकाणी बी.एस्सी.ला गणित असावं अशी अट असते, ती माहितीपुस्तिकेत आधी बघा.

हळदीचा_बाजार: बारावीला गणित होतं का? असेल तर बी.एस्सी.वरून बी.टेक.च्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. नंबर डिप्लोमावाल्यांनंतर लागतो, आणि ड्रॉइंग, मेकॅनिक्स मागून भरून काढावं लागतं. तीन वर्षं बी.टेक., दोन एम.टेक., म्हणजे पाच. एम.एस्सी.च्या रस्त्यापेक्षा एक वर्ष जास्त, तरी तुम्हाला टाक्याच डिझाइन करायच्या असतील तर मी हाच धरेन. अडतं ते रसायनशास्त्रात नाही, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये. ताशी 50 घनमीटर पाणी येतं आणि टाकी 500 घनमीटरची, म्हणजे दहा तास मुक्काम, हा हिशेब तुम्हीही कराल. पण पाइपमध्ये हेड (पाण्याचा दाब) किती जातं, पंप कुठला बसवायचा, ही पुढची पायरी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकवतात. अमेरिकेतही सायन्सवाल्यांना एम.एस.ला घेतात तेव्हा कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, फ्लुइड्स हे आधी पूर्ण करायला लावतात. शिवाय आपली तीन वर्षांची बी.एस्सी. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांना पुरत नाही.

धागाकर्ती: सर्वांचे आभार. घरबसल्याचा विषय बंद. बारावीला गणित होतं, बायोलॉजीही होतं. बी.एस्सी.ला पहिल्या वर्षीच गणित सोडलं, म्हणजे आयआयटीचं बघूनच करायला हवं. घरी पाच वर्षं म्हटलं तर आई काय म्हणेल ते आत्ताच ऐकू येतंय. थेट दुसऱ्या वर्षासाठी सिव्हिल घेऊ की केमिकल?

हळदीचा_बाजार: वालचंदचं ते एम.टेक. सिव्हिल विभागात आहे, म्हणून सिव्हिल. पण केमिकलवाल्यांना तिथे पात्र धरतात का, हे विश्रामबागला कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा. बारावीची गुणपत्रिका आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेयर आत्ताच काढून ठेवा. फॉर्म सुटल्यावर तहसीलला रांग लागते.