मदत हवी आहे: जेफिटिनिबनंतर ओसिमर्टिनिब, कुणाचा अनुभव?

नमस्कार मंडळी. आईला (वय ६२) फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज. आयुष्यात तिने विडी-सिगारेटला हात लावला नाही, म्हणून निदान झालं तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. तपासणीत ईजीएफआर जनुकात एक्झॉन १९ डिलीशन (जनुकाचा छोटा तुकडा गळून झालेला बदल) निघालं आणि केमोऐवजी त्या बदलावर काम करणारी जेफिटिनिब २५० मिग्रॅची रोज एक गोळी सुरू झाली. महिन्याभरात खोकला थांबला, ती पुन्हा ओट्यापाशी उभी राहिली. चौदा महिने छान गेले.

आता सीटी स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसतेय. डॉक्टरांनी रक्तातून टी७९०एम (त्याच जनुकातला आणखी एक बदल) तपासायला सांगितलंय. ते म्हणाले, या गोळ्या निकामी होण्यामागे साधारण निम्म्या रुग्णांत हाच बदल असतो, आणि तो सापडला तर ओसिमर्टिनिब ही पुढची गोळी, ८० मिग्रॅ, देता येईल. पण रक्तात नाही सापडला तरी तो नाहीच असं धरता येत नाही, मग पुन्हा बायोप्सी. पहिल्या वेळी सुईने फुफ्फुसाभोवती हवा साठली होती, त्यामुळे ती आताच धास्तावली आहे.

रक्तात निगेटिव्ह येऊन बायोप्सीत पॉझिटिव्ह निघालेलं कुणी आहे का? ओसिमर्टिनिबचा खर्च कसा भागवलात? कंपनीच्या मदत योजनेसाठी अर्ज कुणामार्फत केलात?

आणखी एक. गोळीच्या दुष्परिणामाने तिची नखं कडेने सुजून चिघळली आहेत. लसूण सोलता येत नाही, ब्लाउजची हुकं मी लावून देते. डॉक्टरांनी मलम दिलंय, पण रोजच्या कामात तुम्ही काय काळजी घेतलीत? कृपया सांगा. पुढच्या गुरुवारी रिपोर्ट येणार आहे.