मदत हवी आहे : ‘साठात एक’ नियम, ग्राउंड स्पीड आणि मार्गदुरुस्तीचे गणित

नमस्कार. मी वैमानिकाच्या परवान्यासाठी प्रशिक्षण घेत आहे आणि सध्या नॅव्हिगेशनच्या लेखी परीक्षेची तयारी करत आहे. फ्लाइट कॉम्प्युटरची (वैमानिकांच्या हातातल्या गणिती साधनाची) चकती फिरवून हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) आणि ग्राउंड स्पीड (जमिनीच्या सापेक्ष वेग) काढणे मला जमते, परंतु उत्तर तसेच का येते हे विचारले तर सांगता येत नाही. अलीकडे प्रशिक्षकांसोबतच्या एका सरावाच्या उड्डाणात ही उणीव उघडी पडली, म्हणून प्रश्न सविस्तर मांडत आहे.

मार्ग १२० सागरी मैलांचा आणि सरळ पूर्वेकडे होता, म्हणजे ट्रॅक (जमिनीवरील मार्गाची दिशा) ०९० अंश. ट्रू एअरस्पीड (हवेच्या सापेक्ष खरा वेग) १०० नॉट (ताशी सागरी मैल) आणि अंदाजात दिलेला वारा ०३० वरून २० नॉट. (सर्व दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेल्या आहेत. होकायंत्राच्या दुरुस्त्या मी मुद्दाम बाजूला ठेवल्या आहेत, कारण अडचण तिथे नाही.) वाऱ्याची दिशा आणि ट्रॅक यांत ६० अंशांचा कोन असल्यामुळे आडवा घटक २० × साइन ६० म्हणजे १७.३ नॉट आणि समोरचा घटक २० × कोसाइन ६० म्हणजे १० नॉट येतो. आडव्या घटकासाठी साधारण १० अंशांची दुरुस्ती लागते, आणि वारा डावीकडून असल्यामुळे हेडिंग ०८० ठरते. इथपर्यंत मला समजले आहे.

यानंतर ग्राउंड स्पीड काढताना मी १०० मधून समोरचे १० नॉट वजा केले आणि ९० हे उत्तर लिहिले. चकती मात्र ८८.५ दाखवते. माझी वाचनातील चूक असेल असे समजून मी तीनदा पुन्हा मोजले, तरी दीड नॉटचा फरक तसाच राहिला. हा दीड नॉट कुठे जातो?

दुसरा प्रश्न प्रत्यक्ष उड्डाणातला आहे. सुमारे ४० मैल गेल्यावर नदीवरचा जो रेल्वेपूल नेमका विमानाखाली यायला हवा होता, तो मला डाव्या खिडकीतून लांबवर दिसला. नकाशावर मोजल्यावर मी मार्गाच्या चार मैल उजवीकडे सरकलो आहे हे स्पष्ट झाले. साठात एक या नियमाने (साठ मैलांत एक मैल बाजूला सरकणे म्हणजे एक अंशाची चूक) ४ × ६० ÷ ४० म्हणजे सहा अंशांची चूक निघाली, म्हणून मी सहा अंश डावीकडे वळून हेडिंग ०७४ धरले आणि आता मार्गावर येऊ अशी वाट पाहत राहिलो. आणखी वीस मैलांनंतरची खूणही मला तशीच, डावीकडे चार मैलांवर दिसली. तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, ‘‘आता आणखी चार अंश वळ. पुलापाशीच नऊ वळला असतास तर हे करावे लागले नसते.’’ नऊ आणि चार हे आकडे त्यांनी तोंडी काढले होते. उतरल्यानंतर त्यांना वेळ नव्हता, आणि मला ती मांडणी अजून उलगडलेली नाही.

तिसरा प्रश्न खुद्द साठ या संख्येविषयी आहे. एक रेडियन म्हणजे ५७.३ अंश, आणि सोयीसाठी त्याचे साठ केले, असे स्पष्टीकरण सर्वत्र मिळते. तसे असेल तर लहान कोनांत सुमारे पाच टक्के चूक असावी आणि कोन वाढेल तशी ती वाढत जावी, असे मला वाटले होते. मी तक्ता करून पाहिला. १० अंशांचा साइन ०.१७४ आहे आणि नियम (कोन ÷ ६०) ०.१६७ देतो, २० अंशांचा ०.३४२ आहे आणि नियम ०.३३३ देतो, तर ३० अंशांचा साइन ०.५ असून नियमही तंतोतंत ०.५ देतो. ढोबळ नियम मोठ्या कोनात अधिक अचूक कसा होतो, हे मला अजिबात कळत नाही. हा योगायोग आहे की यामागे काही कारण आहे? परीक्षेपुरते उत्तर नको आहे. विमान एकट्याने नेताना हे गणित मनातल्या मनात करता यावे आणि त्यावर किती विसंबावे हेही कळावे, अशी माझी इच्छा आहे.

प्रतिसाद १

आपला तक्ता बरोबर आहे आणि तिसरा प्रश्न सर्वांत चांगला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

साइनचा आलेख सरळ रेषा नाही. तो शून्यापाशी सर्वांत उभा असतो आणि पुढे हळूहळू खाली वाकत जातो. कोनाला ५७.३ ने भागणारी रेषा शून्यापाशी या वक्राला अगदी चिकटून असते, पण वक्र वाकू लागताच तिच्यापासून सुटतो. साठने भागणारी रेषा थोडी कमी चढाची असल्यामुळे सुरुवातीला वक्राच्या खाली असते, आणि वक्र वाकत वाकत तिला बरोबर ३० अंशांवर येऊन भेटतो. त्यापुढे वक्र रेषेच्या खाली जातो. ४० अंशांवर साइन ०.६४३ आहे आणि नियम ०.६६७ सांगतो. म्हणजे शून्यापासून चाळीस अंशांपर्यंत चूक कुठेही पाच टक्क्यांच्या फारशी पुढे जात नाही. साठ ही संख्या तोंडी भागाकाराला सोपी आहेच, पण साइनसाठी ती ५७.३ पेक्षा मोठ्या पट्ट्यात उपयोगी पडते.

यात एक सावधगिरी बाळगावी. टॅनचा आलेख उलट, वरच्या बाजूला वाकतो, त्यामुळे तिथे साठचा नियम कोनाबरोबर बिघडत जातो : २० अंशांचा टॅन ०.३६४ आणि ३० अंशांचा ०.५७७ आहे. म्हणून आपल्याला माहीत असलेली लांब बाजू त्रिकोणाचा कर्ण आहे की पाया, हे आधी ठरवावे. वाऱ्याच्या त्रिकोणात आडवा घटक ही समोरची बाजू आणि ट्रू एअरस्पीड हा कर्ण असतो, त्यामुळे तिथे साइनच लागतो आणि नियम निर्धास्तपणे वापरता येतो. आपल्या उदाहरणात तो १७.३ × ६० ÷ १०० म्हणजे १०.४ अंश देतो. खरे उत्तर जवळजवळ १० आहे. एवढ्या अचूकतेने हेडिंग धरणेही हाताने उडवताना कठीण असते.

दीड नॉटचे उत्तर याच त्रिकोणात आहे. आपण नाक दहा अंश डावीकडे वळवले, त्यामुळे १०० नॉटपैकी सगळा वेग मार्गाच्या दिशेने राहिला नाही. मार्गावर १०० × कोसाइन १० म्हणजे ९८.५ नॉट उरले, आणि त्यातून समोरचे १० गेले. हा तोटा कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे कोन दुप्पट झाला की तोटा जवळपास चौपट होतो : १० अंशांना दीड टक्का, २० अंशांना सहा टक्के, ३० अंशांना तेरा टक्क्यांहून अधिक. दुरुस्ती पाच-सहा अंशांची असेल तेव्हा तो सोडून द्यावा. पंधराच्या पुढे गेल्यास इंधनाच्या हिशेबात तो धरलाच पाहिजे.

प्रतिसाद २

पुलाच्या प्रश्नाविषयी लिहितो. सहा अंश वळल्यामुळे आपले विमान मार्गापासून आणखी दूर जायचे थांबले, एवढेच. आपण मार्गाला समांतर उडू लागलात, म्हणून चार मैल चारच राहिले. परत मार्गावर यायचे असेल तर उरलेल्या अंतरासाठी वेगळा कोन काढावा लागतो. पुलापाशी ८० मैल उरले होते, म्हणून ४ × ६० ÷ ८० म्हणजे तीन अंश. सहा आणि तीन मिळून नऊ. वीस मैलांनंतर समांतर होण्याचे सहा अंश आपण वळून झाला होतात आणि ६० मैल उरले होते, म्हणून ४ × ६० ÷ ६० म्हणजे आणखी चार. या नऊ अंशांनी विमान थेट गंतव्यावर पोहोचते; मूळ रेषेवर वाटेतच यायचे असेल तर मोठा कोन घ्यावा लागतो आणि रेषेवर आल्यावर तेवढा भाग काढून टाकावा लागतो.

पण त्या पुलाने आपल्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती. ०८० हेडिंग धरूनही प्रत्यक्ष ट्रॅक ०९६ झाला, म्हणजे ड्रिफ्ट (वाऱ्यामुळे नाकाच्या दिशेपासून बाजूला सरकण्याचा कोन) दहा नव्हे, सोळा अंश होता. वाऱ्याची दिशा अंदाजाप्रमाणेच होती असे धरले, तर त्याचा वेग २० ऐवजी ३० नॉटच्या आसपास निघतो. मग समोरचा घटक १५, आडवा २६, दुरुस्ती १५ अंश आणि ग्राउंड स्पीड सुमारे ८२ नॉट. उरलेल्या ८० मैलांना ५४ ऐवजी ५९ मिनिटे लागणार हे तिथेच कळले असते. हेडिंग सुधारले की त्याच क्षणी पोहोचण्याची वेळही सुधारावी, असा माझा आग्रह आहे. त्या उड्डाणाच्या नोंदीत प्रत्यक्ष वेळ असेल तर कृपया पडताळून पाहावी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. नोंद काढून पाहिली. पूल आणि त्यानंतरची खूण यांतील वीस मैलांना मला पंधरा मिनिटे लागली होती, म्हणजे ग्राउंड स्पीड ८० नॉट. हा आकडा तेव्हा माझ्या मांडीवरच्या कागदावर लिहिलेला होता; त्याचा पुलाशी संबंध आहे हे आज समजले.

कोसाइनचा मुद्दा पटल्यावर मी एक गणित स्वतः मांडले. वारा २० नॉट आणि मार्गाला बरोबर काटकोनात असेल, तर जाताना व येताना त्याचा परिणाम शून्य असतो असे मी आजवर मानत होतो. प्रत्यक्षात ग्राउंड स्पीड दोन्ही वेळा ९८ नॉट येतो आणि २४० मैलांच्या जाण्यायेण्याला १४४ ऐवजी १४७ मिनिटे लागतात. तोच वारा जाताना समोरून आणि येताना मागून असेल तर ९० आणि ६० मिळून १५० मिनिटे होतात. यापुढे जाण्यायेण्याचे इंधन मी शांत हवेच्या वेळेवरून काढणार नाही. पुढच्या उड्डाणाच्या नियोजनपत्रात प्रत्येक खुणेसमोर दोन रिकामे रकाने आखले आहेत : एक बाजूला सरकलेल्या मैलांचा, दुसरा उरलेल्या मैलांचा.