मदत हवी आहे : अलायनर लावल्यापासून दाढा टेकेनाशा झाल्यात

नमस्कार मंडळी,

वय ३४, राहणार पुणे. लहानपणी तारा लावायच्या राहून गेल्या. डीप बाइट होता, म्हणजे तोंड मिटलं की वरच्या दातांमागे खालचे जवळजवळ दिसेनासे व्हायचे, शिवाय खाली दाटी. गेल्या वर्षी पारदर्शक अलायनर (तारांऐवजी दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे, म्हणजेच ट्रे) सुरू केले. एकूण २६ ट्रे, दर १० दिवसांनी बदलायचा; सध्या १९वा चालू आहे. रोज २१-२२ तास घालते. जेवताना आणि चहाला तेवढे काढते. (ऑफिसातला चहा निम्म्यावर आला, हा फुकटचा फायदा.)

पुढचे दात सुरेख ओळीत आलेत. तक्रार आहे दाढांची. ट्रे काढून तोंड मिटलं की पुढचे दात आधी आपटतात आणि मागे फट राहते. परवा भाकरी खाताना घास नुसता गालातल्या गालात फिरत होता. शेंगदाणा तर अख्खाच राहतो. शेवटी वर्तमानपत्राची पट्टी दाढांत धरून ओढून पाहिली. डावीकडून अलगद निघून आली, उजवीकडे जेमतेम अडकली. पुढच्या दातांत धरली तर फाटली!

डॉक्टर फोनवर म्हणाले, "होतं असं, बसतील आपोआप." पुढची भेट पाच आठवड्यांनी आहे. कोणाच्या दाढा खरंच आपोआप बसल्यात का? तोवर उरलेले ट्रे घालत राहू की थांबू? आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं झालं तर आधीच्यांकडून काय काय मागून घ्यायचं? पैसे सगळे भरून झालेत, त्यामुळे भांडण नकोय.

प्रतिसाद १ :
ताई, मीही यातून गेलोय. मला दोन कारणं सांगितली होती. वरच्या-खालच्या ट्रेचं प्लास्टिक दिवसभर दाढांच्या मधे असतं, त्यावर दाब येऊन दाढा किंचित हिरडीकडे दबतात. ही फट बऱ्याचदा पुढे भरून येते. दुसरं कारण म्हणजे पुढचे दात ठरल्याइतके दबलेच नसले तर तेच आधी आपटतात आणि दाढांना टेकू देत नाहीत. डीप बाइटमध्ये हेच काम अवघड. माझं दुसरं निघालं. निळा कागद चावायला दिला, तर ठसे फक्त पुढच्या दातांवर. मग नव्याने स्कॅन, आणखी ११ ट्रे आणि काही महिने वरच्या-खालच्या दातांना अडकवायचे रबर.

मनाने ट्रे सोडू नका, दात मागे सरकले तर हाच ट्रे पुन्हा बसणार नाही. दाढा टेकाव्यात म्हणून ट्रे मागच्या बाजूने कापायचे प्रयोगही घरी नकोत. हे फोनवर कळण्यातलं नाही, भेट अलीकडे ओढा. दुसरीकडे जायचंच झालं तर सुरुवातीच्या स्कॅनच्या फाइल, एक्स-रे आणि दात कसे सरकणार होते तो व्हिडिओ मागून घ्या.

धागाकर्ती :
आभार दादा. रिसेप्शनला जरा चिकाटीने फोन केला, शनिवारची वेळ मिळाली. ट्रेच्या डबीसोबत चार शेंगदाणेही नेते, समोरच चावून दाखवते.