रन-फ्लॅट काढून साधे टायर बसवणे: कंजूषपणा की शहाणपण?

अंबेनळी (पुणे)
गाड्यांच्या एका गटावर परवा एका सदस्याने लिहिले की, ज्यांनी बीएमडब्ल्यू झेड४ या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे रन-फ्लॅट (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर) काढून साधे टायर बसवले, त्यांनी चार पैसे वाचवण्यासाठी स्वतःचा आणि शेजारी बसणाऱ्याचा जीव टांगणीला लावला आहे. मी त्या कंजूषांपैकीच एक असल्यामुळे, आणि दोन ओळींच्या उत्तराने समाधान होणार नसल्यामुळे, हा स्वतंत्र धागा काढत आहे.

माझी गाडी ई८९, म्हणजे झेड४च्या दुसऱ्या पिढीची आहे. टायर पुढे २२५/४० आर१८ (रुंदी २२५ मिलिमीटर, उंची तिच्या ४० टक्के) आणि मागे २५५/३५ आर१८, म्हणजे दोन्हीकडे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची जेमतेम ९० मिलिमीटर. रन-फ्लॅटमध्ये हवा गेल्यावर गाडीचे सगळे वजन या साइडवॉललाच पेलायचे असते, म्हणून ती आतून जाड रबराने भरलेली असते. पण टायरात पूर्ण हवा असतानाही तो ताठरपणा काही रजेवर जात नाही. खड्ड्याची जी कड टायरने पचवायची, ती तो जशीच्या तशी रिमकडे पोहोचवतो. ताम्हिणीच्या रस्त्यावर माझ्या मागच्या रिमला याच कारणाने तडा गेला. तो आतल्या कडेला असल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नव्हते; दर आठवड्याला हवा का कमी होते म्हणून चाक काढून साबणाचे पाणी फासले, तेव्हा कडेवर बुडबुड्यांची बारीक रांग उठली.

आता रन-फ्लॅट विकताना दिल्या जाणाऱ्या आश्वासनाचे पाहा. शून्य दाबावर ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटर जाता येते, हे खिळ्याच्या बाबतीत खरे आहे. आपल्या रस्त्यांवर मात्र टायरला खिळा लागतो तसाच धारदार दगडही लागतो आणि पुलाच्या सांध्यातून वर आलेली सळईही लागते. साइडवॉलच चिरली, तर जिच्या जोरावर हे ८० किलोमीटर जायचे तीच उरत नाही, आणि महागडा टायर व साधा टायर सारख्याच निमूटपणे टोइंग व्हॅनवर चढतात. शिवाय एम२, एम३, एम४ या आपल्या वेगवान गाड्यांना हीच कंपनी साधे टायर देत आली आहे. तिथल्या अभियंत्यांना जिवाची किंमत कळत नाही, असे त्या सदस्याचे म्हणणे आहे काय?

वैनगंगा (नागपूर)
कंजूष हा शब्द अनाठायी होता, एवढे मी त्या सदस्याच्या वतीने मान्य करते. त्यापुढचे काहीही मान्य करत नाही.

आपण ८० किलोमीटरच्या आकड्याला धरून बसला आहात. माझ्या दृष्टीने रन-फ्लॅटचे पैसे वसूल होतात ते हवा गेल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत. समृद्धी महामार्गावर वर्ध्याच्या पुढे माझ्या झेड४चा मागचा डावा टायर गेला, तेव्हा वेग १२०च्या मर्यादेला टेकलेला होता. गाडी किंचितही ओढली गेली नाही. डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणून कळले, मी वेग कमी केला आणि पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत सावकाश गेले. त्याच वेगाने साध्या टायरची हवा जाऊन गाडी रिमवर बसली असती, तर आज मी हे लिहीत असते की नाही, याचा विचार आपणच करावा.

आणि खिळ्यांना कमी लेखू नका. सप्टेंबर २०२५मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात याच महामार्गावर भेगा भरण्यासाठी रस्त्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या होत्या, आणि रात्री त्यांच्यावरून गेलेल्या गाड्यांचे टायर फुटले होते. दगड-सळईचा नियम तिथे लावून पाहा.

मिशिगनवासी
अमेरिकेतल्या आमच्या राज्यातले खड्डे हिवाळ्यानंतर पाहण्यासारखे असतात, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मलाही आहे, असे समजतो. रन-फ्लॅट म्हणजे स्पोर्ट्स कारशी विसंगत वस्तू, असा जो सूर अंबेनळी यांनी लावला आहे, तो टिकणारा नाही. १९९७मध्ये शेव्हरलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची पाचवी पिढी रन-फ्लॅटवर आणि स्टेपनीशिवायच बाजारात आली. आजची सी८, म्हणजे आठव्या पिढीची कॉर्व्हेटसुद्धा, मिशेलिनच्या झेडपी टायरांवर, म्हणजे रन-फ्लॅटवरच, कारखान्याबाहेर पडते, आणि ती गाडी वळणावर कमी पडते असे तिच्या शत्रूनेही कधी म्हटलेले नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. त्याच पाचव्या पिढीची २००१ची झेड०६ आवृत्ती वजन वाचवण्यासाठी साध्या टायरांवर विकली गेली आणि सोबत फक्त पंक्चर बुजवणारे द्रावण व हवा भरण्याचा संच दिला गेला. तेव्हा एकाच कंपनीच्या एकाच गाडीचा दाखला दोन्ही पक्षांना वापरता येईल. भांडण चालू द्यावे.

पद्मिनीवाला
आपण सगळे चुकीच्या प्रश्नावर भांडत आहात. खरा प्रश्न स्टेपनी कुठे गेली हा आहे. लाखोंची गाडी, आणि डिकीत काय, तर डिंकाची बाटली! आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या डिकीत पाचवे चाक, जॅक, पाना आणि टॉमी असे. खंडाळ्याच्या घाटात भर पावसात चाक बदलून, हात धुऊन, चहा पिऊन आम्ही पुढे निघत असू. सरकारने स्टेपनीशिवाय गाडी विकू दिली, हाच मूळ गुन्हा आहे.

अंबेनळी
काका, तो गुन्हा आता कायद्यानेच माफ केलेला आहे. मोटार वाहन नियमांतील २०२०च्या दुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, टायर-दुरुस्तीचा संच आणि दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल, तर प्रवासी मोटारीत स्टेपनी नसली तरी चालते. शिवाय झेड४मध्ये ती ठेवणार कुठे? छत उघडून मागे दुमडले की डिकीत १८० लिटर जागा उरते. तुमचे पाचवे चाक तिथे बसवले, तर बॅग बायकोच्या मांडीवर द्यावी लागेल.

पद्मिनीवाला
छत उघडणारी गाडी घ्यावी आणि मग जागा नाही म्हणून रडावे! बरे, विजेवर चालणारी एखादी नवी गाडी घ्या. तिला कुठले छत उघडायचे असते? तशा कित्येक गाड्यांतही स्टेपनी नसते. कंपन्यांना काही किलो वजन आणि काही हजार रुपये वाचवायचे आहेत, बाकी सगळी तत्त्वज्ञाने नंतर जोडलेली आहेत.

वैनगंगा
झेड४ला पुढची आणि मागची चाके वेगळ्या मापाची आहेत, हे काकांनी लक्षात घ्यावे; एक पूर्ण आकाराची स्टेपनी दोन्हीकडे चालणार नाही. आणि समजा चालली, तरी रात्री साडेअकरा वाजता समृद्धीच्या कडेला, शेजारून ट्रक जात असताना, जॅक लावून बसण्याचे धाडस ज्यांना करायचे त्यांनी खुशाल करावे.

पद्मिनीवाला
आमच्या पिढीतल्या बायकासुद्धा चाक बदलत असत. हल्ली सगळ्यांना दिवा लागला की फोन करायची सवय झाली आहे.

वैनगंगा
महोदय, मला चाक बदलता येते की नाही हा इथे विषयच नव्हता. द्रुतगती मार्गाच्या कडेला थांबलेल्या गाडीवर मागून वाहन आदळते, तेव्हा ते आधी चालकाची पिढी किंवा लिंग विचारत नाही. आपण पद्मिनी चालवत होता तेव्हा तो रस्ता आणि ते वेग अस्तित्वात तरी होते काय? आठवणींना पुरावा म्हणून पुढे करणे आता थांबवावे.

पद्मिनीवाला
ठीक आहे, बायकांचा उल्लेख मागे घेतो. स्टेपनीचा घेणार नाही.

टायरवाला (कोल्हापूर)
माझे टायरचे दुकान आहे आणि मी दोन्ही प्रकार विकतो, त्यामुळे मला कोणाचीच बाजू घेण्याची गरज नाही. इथे कोणी न बोललेली गोष्ट अशी की, रन-फ्लॅट शून्य दाबावर चालवून आणलेले गिऱ्हाईक "फक्त पंक्चर काढा" असे म्हणते. बाहेरून टायर नवाकोरा दिसतो. मशीनवर घेऊन तो रिमवरून सोडवला आणि उभा धरून आपटला की आतून चहाच्या पुडीसारखा काळा भुसा पडतो. तो साइडवॉलच्या आतल्या रबराचा चुरा असतो. असा टायर मी दुरुस्त करत नाही, मग गिऱ्हाईक मला चोर ठरवून समोरच्या दुकानात जाते आणि तिथे वीस मिनिटांत वात घालून मिळते. वैनगंगाताई, आपण त्या पेट्रोल पंपापर्यंत गेलेला टायर पुढे काय केला, हे सांगाल का?

आणि साध्या टायरवाल्यांनीही फार खूश होऊ नये. डिकीतले द्रावण ओतून मग आमच्याकडे येणाऱ्यांना आतला चिकचिकाट साफ करण्याचे पैसे जास्त वाटतात. हवा हळूहळू जात असेल, तर आधी नुसता हवेचा पंप लावावा आणि द्रावण अगदी शेवटी वापरावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. साइडवॉल कापली गेली असेल, तर ते द्रावण रस्त्याला पाजल्यासारखेच आहे.

वैनगंगा
तो टायर मी बदलला, दुरुस्त केला नाही. तशा मापाचा रन-फ्लॅट मिळेपर्यंत गाडी कित्येक आठवडे घरी उभी होती, हेही सांगून टाकते, कारण अंबेनळी आता तोच प्रश्न विचारणार आहेत.

अंबेनळी
विचारणारच होतो. जून २०२०मध्ये टायरच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हापासून या मापांचा शोध घेणे हा एक स्वतंत्र छंद झाला आहे. ज्या सुरक्षिततेसाठी आपण रन-फ्लॅट ठेवता, ती आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये झाकून ठेवावी लागते. गाडी घरी असताना अपघात होत नाही, हे मात्र निर्विवाद.

पहिल्या काही सेकंदांच्या मुद्द्याला माझे उत्तर असे आहे. बहुतेक पंक्चरांत हवा एकदम जात नाही, झिरपते. माझ्या गाडीतली यंत्रणा चाकांच्या फिरण्याच्या वेगातला फरक पाहून इशारा देते, आणि ती साध्या टायरांवरही तितकीच चालते. हवा भरल्यावर ती पुन्हा शून्यावर आणून शिकवावी लागते एवढेच. एकदम फुटणाऱ्या टायरच्या बाबतीत आपला मुद्दा वजनदार आहे. तो मी मोडून काढू शकत नाही, म्हणून समृद्धीवर मी १०० च्या वर जात नाही. माझी गाडी घाटांसाठी आहे, आणि तिथे साध्या टायरांवर तिचे मागचे टोक खडबडीत वळणावर उसळायचे थांबले, हा फरक मला रोज जाणवतो.

मिशिगनवासी
म्हणजे ३०० अश्वशक्तीची गाडी घेऊन महामार्गावर उजव्या लेनला नमस्कार करायचा. टायर बदलण्याची ही किंमत कोणत्याही दुकानाच्या पावतीवर दिसत नाही, हे इथे नमूद करून ठेवतो.

नवा_गडी
मोठ्यांच्या भांडणात मध्ये बोलतो, क्षमस्व. मी नुकतीच जुनी झेड४ घेतली आहे. मागचे दोन टायर गुळगुळीत झाले आहेत, पुढचे रन-फ्लॅट अजून चांगले आहेत. मागे फक्त दोन साधे टायर टाकले तर चालतील का?

टायरवाला (कोल्हापूर)
नको. मी पैसे घेऊनही बसवणार नाही.

अंबेनळी
अजिबात नको. पुढे ताठर आणि मागे मऊ अशी गाडी ओल्या वळणावर कशी वागेल, याचा अंदाज तुम्हाला येणार नाही, आणि तिलाही येणार नाही. बदलायचे तर चारही बदला, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आणि वेगाचे अक्षर (तो किती वेग सोसतो ती खूण) मूळ टायरइतकेच ठेवा, आणि हवेचा पंप आधी घ्या, टायर नंतर.

वैनगंगा
नको, हे माझेही उत्तर. अंबेनळी यांच्याशी माझे एवढ्या एकाच बाबतीत एकमत आहे, आणि त्याचा त्यांनी गैरअर्थ काढू नये. चारही रन-फ्लॅट घ्या.

पद्मिनीवाला
आणि स्टेपनी?